थ्रीडी प्रिंट केलेल्या ४५० मिमी ड्रोनचे आर्म लवतात आणि मुळाशी मोडतात : आराखडा कसा बदलावा?

प्रश्न (अकोला_४५०)

नमस्कार. मी तंत्रनिकेतनात शेवटच्या वर्षाला शिकतो आणि गेल्या चार महिन्यांपासून घरीच एक चार पंख्यांचा ड्रोन बांधतो आहे. विकतची फ्रेम न घेता ती स्वतः आखायची आणि थ्रीडी प्रिंटरवर काढायची, असे ठरवून मी फ्रीकॅड या सॉफ्टवेअरमध्ये आराखडा केला. कर्णरेषेवरच्या दोन मोटारींच्या केंद्रांमधील अंतर ४५० मिमी आहे. मोटारी २२१२ मापाच्या, ९२० केव्हीच्या (म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला ९२० फेरे) आहेत. प्रोपेलर १०४५, म्हणजे १० इंच व्यासाचे आहेत, बॅटरी तीन सेलची ५००० एमएएचची आहे आणि ड्रोनचा तोल राखणाऱ्या फ्लाइट कंट्रोलरवर अर्डुपायलट हे सॉफ्टवेअर घातले आहे. बॅटरीसह एकूण वजन १४२० ग्रॅम भरते आणि त्यातले ४०० ग्रॅम एकट्या फ्रेमचे आहेत.

आर्म (मधल्या प्लेटींपासून मोटारीपर्यंत जाणारे हात) पीएलए या प्लॅस्टिकचे असून ती २० मिमी रुंद आणि ८ मिमी जाड अशी सरळ पट्टी आहे. ती मी आडवी ठेवून, १०० टक्के इन्फिलने, म्हणजे आतून पूर्ण भरीव, प्रिंट केली. मधल्या प्लेटीच्या कडेपासून मोटारीच्या केंद्रापर्यंत आर्मचा १६० मिमी भाग मोकळा आहे.

पहिल्याच उड्डाणात असे दिसले की थ्रॉटल (मोटारींची शक्ती) वाढवताच आर्मची टोके डोळ्यांना दिसतील इतकी थरथरतात. कंट्रोलर किती जोरात दुरुस्ती करतो ते ठरवणारे पीआयडीचे आकडे खाली आणल्यावर थरथर कमी झाली, पण मग ड्रोन सुस्त झाला आणि वाऱ्यात सरकू लागला. तिसऱ्या दिवशी दोन मोटारींचे स्क्रू सैल झालेले आढळले आणि एक मोटार किंचित कललेली दिसली. शेवटी साधारण कमरेच्या उंचीवरून थोडे जोरात उतरल्यावर एक आर्म मधल्या प्लेटीला लागून असलेल्या बोल्टच्या भोकातून मोडला.

आर्म आणखी जाड करावा, पीईटीजी हे दुसरे प्लॅस्टिक वापरावे, की प्रिंटिंगचा नादच सोडावा, हे मला ठरवता येत नाही. तयार फ्रेम घेतली तर ड्रोन उडेल हे मला ठाऊक आहे, परंतु आराखडा करायला शिकणे हाच माझा मूळ हेतू आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (भोसरी_वर्कशॉप)

तुम्ही मापे नीट दिलीत म्हणून हिशेब करून सांगता येते. आर्म मोडू नये एवढाच विचार आराखड्यात झालेला दिसतो. तो लवू किती द्यायचा, हा प्रश्न त्याच्याही आधी सोडवायला हवा होता.

एक मोटार पूर्ण थ्रॉटलवर सुमारे ८५० ग्रॅम, म्हणजे ८.३ न्यूटन ओढ देते असे धरू. पीएलएचा स्थितिस्थापकता गुणांक (साहित्याच्या ताठपणाचे माप) ३३०० मेगापास्कलच्या आसपास असतो. तुमच्या पट्टीला एका टोकाला घट्ट धरलेली तुळई मानले, तर दुसरे टोक ४ मिमी वर उचलले जाते. अशा आर्मवर मोटार, प्रोपेलर आणि माउंट मिळून ८५ ग्रॅमचे ओझे टोकाशी असेल, तर त्याची नैसर्गिक कंपनसंख्या अवघी २५ हर्ट्‌झ येते. कंट्रोलर ड्रोनचा तोल सावरण्यासाठी ज्या वेगाने दुरुस्त्या करतो, जवळपास त्याच पट्ट्यात हा आकडा पडतो. एक बाजू उचलण्यासाठी मोटारीचा वेग वाढला की आधी आर्म वाकतो आणि बॉडी मागाहून हलते. हा उशीर कंट्रोलरला कळत नाही, त्यामुळे तो जास्तीची दुरुस्ती करतो, मग उलट्या दिशेने करतो, आणि टोके फडफडू लागतात. पीआयडी खाली आणल्यावर थरथर कमी झाली याचे कारण हेच आहे. दोष आर्ममध्ये होता आणि त्याची भरपाई तुम्ही कंट्रोलरला मंद करून केलीत.

आता उपाय पाहू. लवण्याला होणारा विरोध आर्मच्या रुंदीच्या साध्या प्रमाणात वाढतो, पण उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून २० बाय ८ मिमीच्या भरीव पट्टीऐवजी २० बाय १६ मिमीची पोकळ पेटी घ्या आणि तिची भिंत सगळीकडे २ मिमी ठेवा. छेदाचे क्षेत्रफळ १६० चौरस मिमीवरून १२८ चौरस मिमीवर येते, म्हणजे आर्म पाचव्या हिश्श्याने हलका होतो, आणि तरीही तो पाचपटींहून अधिक ताठ होतो. पूर्ण थ्रॉटलवरचे लवणे ४ मिमीवरून पाऊण मिमीवर येते. पट्टी पिळली जाण्याचा दोषही पेटीने बराच कमी होतो, मात्र पेटी चारही बाजूंनी बंद हवी. वजन वाचवायला तिला एका बाजूने उघडी ठेवलीत, तर पिळाला होणारा विरोध जवळजवळ नाहीसा होतो. आर्म पिळला की मोटार कलते, ड्रोन स्वतःभोवती फिरू पाहतो, तो स्थिर ठेवण्यासाठी कर्णावरच्या दोन मोटारी सतत जास्त वेगाने फिरतात आणि बाकीच्या दोनपेक्षा गरम होतात.

पण माझे प्रामाणिक मत विचाराल, तर १० इंची प्रोपेलरसाठी आर्म प्रिंट करूच नका. हार्डवेअरच्या दुकानात अर्धा इंची चौकोनी अॅल्युमिनियम पाइप मिळतो. भिंत १ मिमी असेल तर २०० मिमी तुकड्याचे वजन २५ ग्रॅम भरते आणि वर सांगितलेल्या पीएलएच्या पेटीपेक्षा तो पाचपट ताठ असतो, तर त्याच लांबीची पेटी ३२ ग्रॅमची होते. कंपनसंख्येतही हा फरक दिसतो. पेटीची ५७ हर्ट्‌झच्या आसपास येते आणि पाइपची १२५ हर्ट्‌झच्या वर जाते. तुमचे प्रोपेलर हवेत स्थिर असताना सेकंदाला सुमारे ७५ ते ८० फेरे आणि पूर्ण थ्रॉटलवर सुमारे १२० फेरे घेत असणार. म्हणजे पेटीचा आर्म असेल, तर वेग वाढताना आणि कमी होताना प्रोपेलर दर वेळी त्या ५७ च्या आकड्यातून जाणार आणि तिथे कंपने एकदम वाढणार. पाइपचा आर्म त्या पट्ट्याच्या वर राहतो, अर्थात पकड घट्ट असेल तरच. कार्बन फायबरची १६ मिमी बाहेरच्या आणि १४ मिमी आतल्या व्यासाची नळी २०० मिमीला १५ ग्रॅमच्या आसपास भरते आणि ताठपणात या पाइपच्या तोडीची असते. मात्र ती महाग पडते, आणि कापताना निघणारी धूळ फुप्फुसाला घातक असते, म्हणून ती पाण्याखाली आणि मास्क लावूनच कापावी.

प्रिंटर वापरावा तो जिथे आकार गुंतागुंतीचा आणि भाग आखूड असतो तिथे, म्हणजे मोटार माउंट, पाइप धरणारे क्लॅम्प, जीपीएसचा खांब, बॅटरीची बैठक आणि पाय यांसाठी. मधल्या दोन प्लेटीही प्रिंट करू नका. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारी २ मिमी ग्लास इपॉक्सी शीट घ्या, ती न मिळाल्यास हायलम ही विजेच्या कामातली तशीच शीट चालेल. हॅकसॉने कापून कानशीने कडा साफ केल्या की काम भागते.

उत्तर (सांगली_लॅब)

वरच्या उत्तरातील हिशेब बरोबर आहे, पण आर्म प्रिंट करूच नये हे मत मला सरसकट मान्य नाही. मी शाळेच्या प्रयोगशाळेत मुलांकडून ३ इंची प्रोपेलरचे छोटे ड्रोन बांधून घेतो आणि त्यांचे आर्म आम्ही पूर्ण प्रिंट करतो. लवणे लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे १६० मिमीऐवजी ६० मिमीचा आर्म असेल, तर तोच छेद आणि तेच साहित्य जवळजवळ १९ पट ताठ ठरते, आणि ओढही कितीतरी कमी असते. तुम्हाला संपूर्ण फ्रेम प्रिंट करण्याची हौस असेल, तर ती त्या आकारात पूर्ण होऊ शकते. १० इंचांसाठी मात्र मीही अॅल्युमिनियम पाइपच घेईन.

मोटारीचे स्क्रू सैल झाले याचे कारण वर आले नाही, म्हणून सविस्तर लिहितो. पीएलए ताठ असले तरी सततच्या दाबाखाली हळूहळू सरकते. स्क्रू आवळल्यावर त्याच्या डोक्याखालचे प्लॅस्टिक दबलेले असते. त्यात मोटारीची उष्णता आली की ते आणखी दबते, आणि स्क्रूचा ताण निघून जातो. पीएलए ६० अंश सेल्सिअसच्या सुमारास मऊ पडते. अकोल्याच्या उन्हाळ्यात बंद गाडीत ठेवलेला काळ्या रंगाचा भाग मोटार सुरू न करताही वाकडा होऊ शकतो. यावर पीईटीजी हा उपाय आहे, कारण ते सुमारे ८० अंशांपर्यंत टिकते. पण त्याचा ताठपणा पीएलएपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी असतो, हे लक्षात ठेवा. जुनाच आर्म पीईटीजीमध्ये काढला असता, तर थरथर वाढली असती. म्हणून पीईटीजी आखूड आणि जाड भागांसाठीच वापरावे.

मोटार माउंटच्या खालच्या बाजूने १ मिमी अॅल्युमिनियमची चकती द्या, म्हणजे स्क्रूची डोकी धातूवर टेकतील आणि दाब पसरेल. स्क्रूची लांबी मोजूनच घ्या. २२१२ मोटारीत स्क्रू २ मिमी जरी जास्त आत गेला, तरी तो वाइंडिंगला टेकून मोटार जाळू शकतो. स्क्रू मोटारीच्या धातूत बसतात, म्हणून तिथे निळे थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा द्रव) एक थेंब लावायला हरकत नाही. मात्र ते एबीएस किंवा पॉलिकार्बोनेटच्या भागावर ओघळू देऊ नका, कारण त्याने या प्लॅस्टिकांना बारीक तडे जातात. प्लॅस्टिकमध्ये थेट आटे पाडून बोल्ट घट्ट करण्याची सवय तर पूर्ण सोडा. तिथे नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सैल न होणारा नट) बसेल असा षट्कोनी खळगा ठेवा किंवा गरम करून बसवायचे, आतून आटे असलेले पितळी इन्सर्ट वापरा.

आता मोडण्याविषयी. तुमचा आर्म आडवा प्रिंट केलेला असल्याने थर लांबीच्या दिशेने होते, म्हणजे ती बाब योग्यच होती. पण जिथे वाकवणारा जोर सर्वांत जास्त असतो त्याच जागी तुम्ही भोक पाडले आणि छेद निम्मा केला. भोक मुळापासून आत, ड्रोनच्या मध्याकडे सरकवा आणि प्रत्येक आतल्या कोपऱ्याला किमान ३ मिमी त्रिज्येची गोलाई द्या. क्लॅम्पसारख्या भागात इन्फिल वाढवण्यापेक्षा भिंतींची (बाहेरच्या कडेने फिरणाऱ्या रेषांची) संख्या ५ किंवा ६ केलीत तर जास्त उपयोग होतो, कारण बोल्टच्या भोकाभोवतीही तेवढीच कडी तयार होतात. क्लॅम्प प्रिंटरवर कोणत्या बाजूने ठेवता याचा विचार करून मगच प्रिंट सुरू करा. बोल्टचा ताण थर एकमेकांपासून उचकटण्याच्या दिशेने पडत असेल, तर बाकीची सगळी काळजी वाया जाते.

आणखी एक गोष्ट मी मुलांना आवर्जून सांगतो. ड्रोन आपटणारच आहे, तेव्हा काय मोडायचे हे आधी ठरवून ठेवा. आमचे पाय मुद्दाम बारीक आणि दोन भिंतींचे असतात. ते मोडतात आणि आर्म वाचतो. पाऊण तासात नवा पाय प्रिंट होतो, आणि घरी प्रिंटर असण्याचा खरा लाभ मला त्यातच वाटतो.

उडवण्याच्या जागेविषयी दोन वाक्ये. ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपेक्षा जास्त आणि २ किलोपर्यंत वजनाचा ड्रोन मायक्रो वर्गात येतो, म्हणजे तुमचा त्यातच आहे. अकोल्याचा शिवणी विमानतळ शहराला लागून आहे, तेव्हा सरकारी हवाई नकाशावर तुमचे मैदान कोणत्या रंगाच्या क्षेत्रात येते ते पाहूनच चाचणी घ्या.

प्रश्नकर्ता (अकोला_४५०)

दोघांचेही मनापासून आभार. पाइप, २ मिमी ग्लास इपॉक्सी शीट आणि पीईटीजीचे क्लॅम्प असा नवा आराखडा सुरू केला आहे. बांधून झाल्यावर फ्रेम खरोखर ताठ झाली की नाही, हे उडवण्यापूर्वी मोजण्याची काही सोपी पद्धत आहे का? आणि उडवल्यावर कंपने किती असावीत?

उत्तर (नाशिक_लॉग)

मोजण्यासाठी घरातली सामग्री पुरते. फ्रेम उलटी करून मधली प्लेट टेबलाला घट्ट आवळा, कारण मोटार आर्मला वर ओढते आणि उलट्या फ्रेमवर वजन त्याच दिशेने पडेल. मोटारीच्या केंद्रापाशी एकूण ८५० ग्रॅम भरेल अशी पाण्याची बाटली टांगा आणि टोकाशेजारी उभी धरलेल्या पट्टीवर, किंवा व्हर्नियरने, टोक किती खाली गेले ते पाहा. चारही आर्मवर हे करा. एखादा आर्म इतरांहून जास्त लवला, तर दोष पाइपमध्ये नसून त्या क्लॅम्पमध्ये आहे असे समजा.

उड्डाणानंतर अर्डुपायलटच्या लॉगमध्ये व्हाइब नावाची नोंद असते. तिन्ही अक्षांवरची आकडेवारी ३० मीटर प्रति सेकंद वर्ग याच्या खाली असेल, तर सामान्यतः चिंता नसते. ६० च्या वर गेली की उंची आणि स्थान राखण्यात हमखास गडबड होते. क्लिपिंगची, म्हणजे कंपने सेन्सरच्या मापाबाहेर गेल्याच्या वेळांची, संख्या शून्याच्या जवळ असावी. आकडे जास्त आले, तर लगेच फ्लाइट कंट्रोलरखाली जाड स्पंज लावण्याची घाई करू नका. आधी प्रोपेलर संतुलित करा, मग क्लॅम्प तपासा, आणि हार्मोनिक नॉच फिल्टर (मोटारींच्या वेगाची कंपने गाळणारी सेटिंग) त्यानंतरच लावा. मऊ स्पंजवर कंट्रोलर स्वतःच डुलू लागतो आणि बॅटरीच्या जाड वायरी त्याला ओढत राहतात.

चुंबकीय कंपास जीपीएसच्या खांबावर, बॅटरीच्या वायरींपासून शक्य तितक्या लांब ठेवा. अॅल्युमिनियमचा त्याला त्रास होत नाही, पण लोखंडी स्क्रूचा होतो, म्हणून त्या जागी नायलॉनचे स्क्रू वापरा. पुढे कार्बनच्या नळ्या घेतल्यात, तर रिसीव्हरची अँटेना त्यांच्या आडोशाला येऊ देऊ नका, कारण कार्बन रेडिओ लहरी अडवतो.

प्रश्नकर्ता (अकोला_४५०)

नवी फ्रेम तयार झाली. तिचे वजन ३३० ग्रॅम भरले. बाटलीची चाचणी घेतली, तेव्हा तीन आर्म सुमारे ०.९ मिमी आणि चौथा १.३ मिमी लवला. भोसरीच्या सरांच्या आकड्यांवरून मी पाइपसाठी ०.१५ मिमी एवढेच काढले होते. पाइप दोषी नसेल, तर उरलेले लवणे कुठून येते? क्लॅम्पमध्ये पाइप ४० मिमी आत गेलेला आहे, आणि तो सहज सरकावा म्हणून मी चौकोनी भोक ०.२ मिमी मोठे ठेवले आहे.

उत्तर (भोसरी_वर्कशॉप)

उत्तर तुमच्या शेवटच्या वाक्यात आहे. ४० मिमी पकडीत ०.२ मिमी ढील म्हणजे पाइप दोनशेस एक या प्रमाणात कलू शकतो. १६० मिमी अंतरावरच्या टोकाला त्याचे ०.८ मिमी होतात. त्यात पाइपचे स्वतःचे ०.१५ मिळवलेत, की तुम्ही मोजलेला आकडा जवळजवळ जुळतो.

एकसंध भोकाचा क्लॅम्प टाकून तो दोन अर्ध्यांत प्रिंट करा आणि दोन अर्ध्यांमध्ये अर्धा मिमी फट राहील अशी मापे ठेवा, म्हणजे बोल्ट आवळल्यावर अर्धे एकमेकांना टेकण्याआधी पाइपवर घट्ट बसतील. पकड ५० मिमी करा. बोल्ट पाइपच्या दोन्ही बाजूंनी घ्या, आरपार नको. एखादा आरपार घ्यावाच लागला, तर त्या जागी पाइपच्या आत लाकडाचा किंवा प्रिंट केलेला ठोकळा घट्ट बसवा, नाहीतर बोल्ट आवळताना पाइप चेपतो. चौथ्या आर्मचा क्लॅम्प बहुधा थंड होताना मुरडला आहे. तो पुन्हा काढेपर्यंत थंड पेयाच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी पाइपभोवती गुंडाळून पाहा. तो पत्रा सुमारे ०.१ मिमीचा असतो, त्यामुळे दोन्ही बाजू मिळून तुमची ढील भरून निघेल.

प्रश्नकर्ता (अकोला_४५०)

दोन अर्ध्यांचे, ५० मिमी पकडीचे क्लॅम्प बसवले. पत्र्याची गरज राहिली नाही. आता चारही आर्म ०.३ ते ०.४ मिमीच्या दरम्यान लवतात. काल सकाळी वारा नसताना सहा मिनिटे उडवले. पीआयडी पुन्हा मूळ आकड्यांवर आणले आहेत, टोके स्थिर दिसतात आणि व्हाइबची नोंद तिन्ही अक्षांवर २० च्या खाली राहिली. उतरल्यावर मोटारींना हात लावून पाहिला, तर चारही सारख्याच कोमट होत्या. एक पाय मोडला आहे आणि त्याची प्रिंट आत्ता सुरू आहे.